एकटा पुढे गेलेला माणूस: फाउस्तो कोप्पी आणि युद्धोत्तर सायकल शर्यत

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा इटलीत पेट्रोल दुर्मीळ होते, रेल्वेचे असंख्य पूल बाँबहल्ल्यांत कोसळले होते आणि कामावर जाण्यासाठी सामान्य माणसाच्या हाती सायकलीखेरीज दुसरे भरवशाचे वाहन उरले नव्हते. सायकल गेली की पोटापाण्याचा धंदाही गेला, ही त्या काळची परिस्थिती व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ या नावाने पुढे जगभर गाजलेल्या चित्रपटात मांडली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागची एक प्रेरणा ठरला. ज्या समाजाचे पोट सायकलीवर चालत होते त्याने आपला नायकही सायकलीवरच शोधला, आणि तो त्याला फाउस्तो कोप्पी या पीडमाँटमधील शेतकऱ्याच्या मुलात सापडला.

कोप्पीच्या नावावर इटलीची राष्ट्रीय परिक्रमा म्हणजे ‘जिरो दितालिया’ ही शर्यत पाच वेळा (१९४०, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३), ‘तूर द फ्रान्स’ दोन वेळा (१९४९ आणि १९५२) आणि रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद एकदा (१९५३) आहे. शिवाय मिलान-सान रेमो ही एकदिवसीय शर्यत तीनदा आणि लोम्बार्दीची शर्यत पाचदा त्याने जिंकली. जिरो आणि तूर या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला सायकलपटू होय. या यादीतील सर्वांत बोलका भाग म्हणजे १९४० आणि १९४७ यांमधली मोकळी जागा, कारण १९४१ ते १९४५ या काळात जिरो भरलीच नाही आणि वयाच्या एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षांपर्यंतचा, कोणत्याही खेळाडूच्या आयुष्यातील उभारीचा काळ कोप्पीला सैन्यात आणि युद्धकैद्यांच्या छावणीत घालवावा लागला.

इटालियन नभोवाणीचे समालोचक मारिओ फेर्रेत्ती यांनी जून १९४९ मध्ये एका टप्प्याचे वर्णन सुरू करताना, एकच माणूस सर्वांच्या पुढे आहे, त्याची जर्सी पांढऱ्या आणि आकाशी रंगाची आहे आणि त्याचे नाव फाउस्तो कोप्पी आहे, अशा आशयाची घोषणा केली, आणि तेव्हापासून कोप्पीची प्रतिमा ‘एकटा पुढे गेलेला माणूस’ अशीच रूढ झाली. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. रस्त्यावरील सायकल शर्यतीत एकटेपण हे अनेकांच्या श्रमांतून विकत घ्यावे लागते, आणि कोप्पीचे खरे वेगळेपण त्याच्या फुप्फुसांइतकेच, हे एकटेपण घडवणारी व्यवस्था त्याने ज्या काटेकोरपणे उभी केली तीत आहे.

हे समजण्यासाठी या खेळातील काही मूलभूत गोष्टी पाहाव्या लागतात. जिरो आणि तूर या टप्प्यांच्या शर्यती आहेत. साधारण तीन आठवडे दररोज एक टप्पा पार केला जातो, प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ बेरजेत धरला जातो आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी तो विजेता ठरतो. आघाडीवरच्या स्पर्धकाने जिरोत गुलाबी आणि तूरमध्ये पिवळी जर्सी घालायची असते, कारण जिरो सुरू करणारे ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ हे वृत्तपत्र गुलाबी कागदावर छापले जाई आणि तूर सुरू करणारे ‘लोतो’ पिवळ्या. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते, आणि जो त्याच्या मागच्या चाकाला खेटून चालवतो त्याचे साधारण चतुर्थांश ते एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सपाटीवर सगळे थव्याने जातात आणि एकट्याने निसटणे हा बहुतेक वेळा वेडेपणा ठरतो.

चढणीवर हे गणित पालटते. वेग उतरला की हवेचा विरोध नगण्य होतो, झुंज गुरुत्वाकर्षणाशी उरते आणि दुसऱ्याच्या आडोशाचा फारसा उपयोग राहत नाही. ठाण्याहून कळव्याचा खाडीपूल ओलांडून मुंब्रा, शीळफाटा आणि पनवेलमार्गे खोपोलीपर्यंत जाणाऱ्या जुन्या पुणे रस्त्यावर ज्याने कधी सायकल मारली आहे त्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याने जाताना जोडीदाराच्या मागे राहून मिळालेली सवलत बोरघाटाच्या पहिल्याच वळणावर संपते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला होईपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांना हाच मार्ग होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब दिला जातो तो याच कारणाने, आणि तूरमध्येही घाटांचे असे स्वतंत्र पारितोषिक १९३३ पासून आहे. कोप्पीने ते आपल्या दोन्ही विजयांच्या वर्षी मिळवले. मात्र मोजमाप लक्षात ठेवले पाहिजे: बोरघाट चढून गेल्यावर लागणारे लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर, तर आल्प्समधील ज्या खिंडींतून कोप्पीने आपली कीर्ती मिळवली त्यांतील बहुतेक रस्ते कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जातात.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी कास्तेल्लानिया या टेकडीवरच्या लहानशा खेड्यात झाला. शेतीत मन न रमल्याने तो लहान वयातच जवळच्या नोवी लिगुरे या गावी मांसविक्रेत्याच्या दुकानात कामाला लागला आणि सायकलवरून घरोघर माल पोहोचवू लागला. पहिली शर्यतीची सायकल त्याला दर्यावर्दी काकाने दिलेल्या पैशांतून मिळाली. याच गावात बियाजिओ काव्हान्ना हा मालिश करणारा आणि सायकलपटू तयार करणारा गुरू राहत असे, जो दृष्टिहीन होता आणि होतकरू मुलांची पारख त्यांच्या मांड्या, पाठ आणि छाती हातांनी चाचपून करत असे. आधीच्या पिढीतील विजेता कोस्तान्ते जिरार्देंगो याच्यासाठी काम केल्याने त्याच्या शब्दाला वजन होते. कोप्पी दिसायला लवचीक काठीसारखा होता: लांब पाय, अरुंद खांदे, पुढे आलेली छाती, सायकलवरून उतरला की तो अवघडल्यासारखा वाटे. ही शरीरयष्टी दूरच्या चढणींसाठी बनली आहे हे काव्हान्नाने ओळखले आणि त्याच्याच शिफारशीने कोप्पी १९४० मध्ये लेन्यानो या संघात दाखल झाला.

लेन्यानो हा जिनो बार्तालीचा संघ होता. बार्ताली तेव्हा इटलीचा निर्विवाद पहिला सायकलपटू, १९३८ च्या तूरचा विजेता, श्रद्धाळू कॅथलिक आणि स्वभावाने कुरकुऱ्या. युद्धकाळात त्याने ज्यूंना वाचवण्यासाठी बनावट कागदपत्रे सायकलच्या नळीत दडवून पोहोचवली, हे त्याच्या हयातीत फारसे बाहेर आले नाही आणि इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने त्याचा गौरव २०१३ मध्ये केला. कोप्पीला घेतले होते ते या बार्तालीला मदत करण्यासाठी, परंतु १९४० च्या जिरोत बार्ताली सुरुवातीलाच पडून जखमी झाला, आणि फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात आबेतोनेच्या घाटात कोप्पी पावसातून एकटाच निसटला तो गुलाबी जर्सी मिळवूनच थांबला. त्या वेळी त्याचे वय २० वर्षे होते. शर्यत ९ जूनला संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १० जून १९४० रोजी, मुसोलिनीने युद्ध पुकारले.

सैन्यात असतानाच, ७ नोव्हेंबर १९४२ रोजी, कोप्पीने मिलानच्या व्हिगोरेल्ली या लाकडी धावपट्टीवर तासाचा विक्रम केला. तासाचा विक्रम म्हणजे कोणाच्याही मदतीविना, कोणाच्याही आडोशाविना, बरोबर एका तासात कापलेले जास्तीत जास्त अंतर. मिलानवर हवाई हल्ले चालू होते, प्रेक्षक थोडे होते आणि कोप्पीला पुरेसा सरावही मिळाला नव्हता, त्याने ४५.७९८ किलोमीटर अंतर कापले आणि मोरिस आर्शांबो या फ्रेंच सायकलपटूचा १९३७ चा विक्रम अवघ्या ३१ मीटरनी मोडला. हा फरक फारच थोडा वाटेल, पण जाक आंकेतीलने तो मोडेपर्यंत मध्ये १४ वर्षे गेली. मार्च १९४३ मध्ये कोप्पीची रवानगी ट्युनिशियात झाली, एप्रिलमध्ये तो ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे उत्तर आफ्रिकेतील छावण्यांत गेली. १९४५ च्या सुरुवातीला त्याला इटलीत परत आणून कासेर्ताजवळ एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सेवेत ठेवण्यात आले. तेथे एका वृत्तपत्राने आवाहन केल्यावर जवळच्या गावातील एका सुताराने त्याला आपली शर्यतीची सायकल देऊ केली आणि कोप्पीचा सराव पुन्हा सुरू झाला.

१९ मार्च १९४६ रोजी झालेली मिलान-सान रेमो ही युद्धोत्तर इटलीतील पहिल्या मोठ्या शर्यतींपैकी एक होती आणि कोप्पी आता बियांकी या मिलानच्या सायकल कंपनीच्या संघात होता. सुमारे २९० किलोमीटरच्या या शर्यतीत तो जवळजवळ आरंभापासूनच पुढच्या गटात गेला, तुर्किनोच्या घाटात शेवटचा साथीदार लुसियाँ तेसेर यालाही मागे टाकले आणि १४ मिनिटांच्या फरकाने जिंकला. नभोवाणीच्या निवेदकाने कोप्पी पोहोचल्याचे सांगून, इतर येईपर्यंत श्रोत्यांना नृत्यसंगीत ऐकवू, असे म्हटल्याचे सांगतात. खचलेल्या पुलांच्या आणि फुटलेल्या रस्त्यांच्या देशाला अशा विजयाचा जो अर्थ लागला असेल तो सहज समजण्यासारखा आहे.

त्यानंतर इटली कोप्पी आणि बार्ताली यांच्या दोन पक्षांत विभागली गेली. बार्ताली धार्मिक, ग्रामीण, जुन्या वळणाच्या इटलीचा, आणि कोप्पी शहरी, आधुनिक, निधर्मी इटलीचा, अशी वाटणी वृत्तपत्रांनी केली, पण तिचे तथ्य मर्यादितच होते, कारण कोप्पीही कॅथलिक शेतकरी घरातलाच होता. १९४६ ची जिरो बार्तालीने ४७ सेकंदांनी जिंकली, १९४७ ची कोप्पीने, आणि १९४८ मध्ये पहिल्या विजयानंतर तब्बल दहा वर्षांनी बार्तालीने तूर पुन्हा जिंकली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील वाल्केनबर्ख येथे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत हे दोघे एकाच राष्ट्रीय संघात होते. निसटलेल्यांचा पाठलाग आपण केला तर फायदा दुसऱ्याला होईल या धास्तीने दोघेही नुसते एकमेकांकडे पाहत राहिले, शेवटी दोघांनीही शर्यत अर्धवट सोडली आणि राष्ट्रीय संघटनेने दोघांवरही बंदी घातली. आडोशाच्या ज्या नियमामुळे सहकाऱ्याचे श्रम वाचतात त्याच नियमामुळे संशयही वाढतो. सायकल शर्यतीइतका प्रतिस्पर्ध्यांना परस्परांवर अवलंबून ठेवणारा दुसरा खेळ शोधून सापडणार नाही.

फेर्रेत्ती यांची ती घोषणा १० जून १९४९ ची, जिरोच्या कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्याची. अंतर २५४ किलोमीटर, वाटेत माद्दालेना (१९९६ मीटर), व्हार्स (२१०९), इझोआर (२३६०), मोंजनेव्ह्र (१८५०) आणि सेस्त्रिएरे (२०३५) अशा पाच खिंडी, त्यांतील बराचसा रस्ता डांबराविना, चिखलाचा, वर पाऊस. कोप्पीने पहिल्याच खिंडीच्या चढावर हल्ला केला आणि उरलेले १९२ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून पुणे गाठल्यावरही पुढे बरेच उरेल एवढे अंतर, एकट्याने कापले. वाटेत पंक्चर झाले की थांबायचे, चाक बदलायचे आणि पुन्हा चढायचे, असे करत तो नऊ तासांहून अधिक काळ सायकलवर होता. बार्ताली दुसरा आला तो ११ मिनिटे ५२ सेकंदांनी. तिसरा आल्फ्रेदो मार्तिनी १९ मिनिटांहून अधिक मागे. ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्रासाठी ही जिरो टिपणारे कादंबरीकार दिनो बुझ्झाती यांना त्या दिवशी होमरच्या महाकाव्यातील अकिलीस आणि हेक्टर यांचे द्वंद्व आठवले.

बुझ्झाती यांच्या उपमेत दोनच योद्धे आहेत, तर प्रत्यक्ष शर्यतीत त्यांच्यामागे पायदळ असते. या पायदळातील सायकलपटूला इटालियनमध्ये ‘ग्रेगारियो’ म्हणतात. त्याने स्वतः जिंकायचे नसते. नायकापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, खेड्यातल्या नळावर किंवा खानावळीत थांबून बाटल्या भरायच्या आणि धापा टाकत पुन्हा थव्याला गाठायचे, नायकाचे चाक फुटले तर आपले काढून द्यायचे, आणि प्रतिस्पर्धी निसटला तर त्याला पकडण्यासाठी स्वतःला संपवायचे. विजयाची बक्षिसाची रक्कम मात्र नायक बहुधा सहकाऱ्यांतच वाटून टाकत असे. बियांकीच्या या फळीत कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से, एत्तोरे मिलानो आणि सांद्रिनो कार्रेआ हे प्रमुख होते, आणि काव्हान्नाच्या देखरेखीखाली नोवी लिगुरेभोवतीच्या रस्त्यांवर हा संघ एकत्र सराव करत असे. सरावाचे अंतर, वेग, झोप, मालिश आणि आहार या सर्व बाबी ठरलेल्या असत; शर्यतीआधी भरपूर मांस खाण्याची जुनी रीत सोडून कोप्पीने धान्य, फळे आणि थोड्याथोड्या वेळाने घेतलेला हलका आहार यांवर भर दिला. याच आधुनिकतेची दुसरी बाजू उत्तेजकांची आहे. त्या काळी अँफेटामाइन ही औषधे शर्यतीत निषिद्ध नव्हती, बहुतेक सायकलपटू ती घेत आणि कोप्पीने ती घेतल्याचे कधी लपवले नाही. फ्रान्समध्ये त्यांविरुद्ध कायदा झाला तो १९६५ मध्ये. आजच्या मापाने त्याला दोषी ठरवणे जितके सोपे तितकेच निरर्थक आहे, पण चरित्रकारांनी हा भाग तळटीपेत ढकलावा हेही बरे नव्हे.

१९४९ च्याच तूरमध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. तूर त्या काळात कंपन्यांच्या नव्हे तर देशांच्या संघांत खेळली जाई, त्यामुळे कोप्पी आणि बार्ताली पुन्हा एकाच संघात, व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा याच्या हाताखाली होते. रुआँ ते सां मालो या पाचव्या टप्प्यात पिवळ्या जर्सीतील जाक मारिनेलीशी टक्कर होऊन कोप्पीची सायकल मोडली. संघाच्या गाडीने देऊ केलेली दुसरी सायकल त्याच्या मापाची नव्हती, त्याची स्वतःची राखीव सायकल मागच्या गाडीत बिंदाजवळ होती, आणि कोप्पी रस्त्याच्या कडेला उभा राहून शर्यत सोडण्याची भाषा करू लागला. बिंदाने त्याची कशीबशी समजूत घातली, पण टप्पा संपला तेव्हा कोप्पी मारिनेलीच्या सुमारे ३७ मिनिटे मागे होता. एवढी पिछाडी भरून काढणे बहुतेकांना अशक्य वाटले असते. कोप्पीने आधी घड्याळाविरुद्धच्या टप्प्यात, म्हणजे प्रत्येकाने ठरावीक अंतराने एकट्याने सुटायच्या टप्प्यात, वेळ कमावला, मग आल्प्समध्ये इझोआरच्या घाटात तो आणि बार्ताली सर्वांना सोडून पुढे गेले. तो १८ जुलै, बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता आणि कोप्पीने टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्ताली पंक्चर आणि घसरणीने मागे पडला आणि पिवळी जर्सी कोप्पीकडे आली. शेवटी पॅरिसमध्ये तो १० मिनिटे ५५ सेकंदांनी विजयी झाला आणि दुसरा अर्थात बार्ताली होता.

पुढची दोन वर्षे अपघातांची होती. १९५० मध्ये पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची शर्यत जिंकल्यावर जिरोत पडून कोप्पीचे कंबरेचे हाड मोडले, १९५१ च्या वसंतात गळपट्टीचे. २९ जून १९५१ रोजी पीडमाँटच्या शर्यतीत तुरिनमध्ये सेर्से पडला, शर्यत पुरी करून हॉटेलवर आला आणि त्याच दिवशी डोक्यातील रक्तस्रावाने मरण पावला. सायकलपटूंच्या डोक्यावर तेव्हा फार तर चामड्याच्या पट्ट्यांचे शिरस्त्राण असे, आणि बहुतेक जण तेही घालत नसत. कोप्पी त्या वर्षीच्या तूरमध्ये उतरला खरा, पण दहावा आला.

१९५२ चा कोप्पी हा बहुधा सर्वांत पूर्ण कोप्पी होता, आणि त्या वर्षीच्या तूरमधील एक घटना या प्रकरणाच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. ३ जुलै रोजी लोझान येथे संपलेल्या टप्प्यात सांद्रिनो कार्रेआ नेहमीप्रमाणे, आपल्या नायकाच्या हिताकडे लक्ष ठेवण्यासाठी, निसटलेल्या एका गटाबरोबर गेला. गटाने बराच वेळ मिळवला आणि बेरीज झाली तेव्हा पिवळी जर्सी कार्रेआची निघाली. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला हा दणकट माणूस जर्सी अंगावर चढवताना रडला. साध्या ग्रेगारियोने नायकाच्या आधी हा मान घेणे आगळीक ठरेल आणि कोप्पी काय म्हणेल, ही त्याची भीती होती. कोप्पीने त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी तूर पहिल्यांदाच आल्प द्युएझच्या एकवीस वळणांच्या घाटावर चढली, कोप्पीने तो टप्पा जिंकला आणि कार्रेआच्या अंगावरची जर्सी अवघ्या पाच सेकंदांच्या फरकाने त्याच्याकडे आली. त्यानंतर सेस्त्रिएरेचा टप्पाही जिंकून कोप्पीने आघाडी एवढी वाढवली की शर्यतीतील उत्कंठा टिकावी म्हणून आयोजकांना मागच्या क्रमांकांची बक्षिसे वाढवावी लागली. दुसऱ्या आलेल्या बेल्जियमच्या स्तान ओकर्सवर त्याने २८ मिनिटे १७ सेकंदांनी मात केली. याच तूरमध्ये चढणीवर कोप्पी आणि बार्ताली एकमेकांना पाण्याची बाटली देत असल्याचे छायाचित्र घेतले गेले. कोणी कोणाला दिली यावर इटलीत अजून वाद होतो.

भारतात या काळात रस्त्यावरील शर्यतीचे चित्र अगदी निराळे होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकल संघ उतरला तेव्हा त्यात मुंबईच्या पारशी सायकलपटूंचा मोठा वाटा होता, परंतु ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने कोप्पीसारख्या व्यावसायिकांशी त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. वरळीच्या हिंद सायकल्स, मद्रासजवळची टीआय, सोनिपतची अ‍ॅटलास अशा कारखान्यांतून बाहेर पडणारी देशी सायकल ही दूधवाल्याला आणि गिरणीकामगाराला उपयोगी पडणारी, एकाच गिअरची, जड आणि टिकाऊ होती. कोप्पीच्या सायकलीवर दात्यांच्या चक्रांवरून साखळी सरकवणारी गिअरची यंत्रणा होती आणि तिच्यामागे कंपन्यांची तीव्र स्पर्धा, कारण बियांकीच्या दृष्टीने कोप्पीचा विजय ही आकाशी रंगाची सायकल खपवणारी जाहिरात होती. खेळाडूला सराव हेच काम म्हणून करता येईल असा पैसा खेळात असल्याशिवाय काव्हान्नाची शाळा चालली नसती.

१९५३ च्या जिरोत चौतिशीकडे झुकलेला कोप्पी शेवटून दुसऱ्या टप्प्यापर्यंत स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटच्या मागे होता. १ जून रोजी जिरो प्रथमच स्तेल्व्हिओच्या खिंडीवरून, २७५८ मीटर उंचीवरून, बर्फाच्या भिंतींमधून जाणार होती. सकाळी एत्तोरे मिलानोने छायाचित्राच्या निमित्ताने कोब्लेटला काळा चष्मा काढायला लावले आणि त्याचे डोळे पाहून तो रात्रभर झोपला नसल्याचे कोप्पीला कळवले, अशी हकिकत सांगितली जाते; काहीही असो, कोप्पीने चढावर हल्ला केला, कोब्लेट मागे पडला आणि पाचवी जिरो १ मिनिट २९ सेकंदांनी कोप्पीची झाली. ऑगस्टमध्ये लुगानो येथे जागतिक अजिंक्यपद त्याने सहा मिनिटांहून अधिक फरकाने मिळवले.

त्यानंतर त्याचे नाव क्रीडापानावरून न्यायालयाच्या वार्तापत्रात गेले. विवाहित कोप्पी आणि एका डॉक्टरची पत्नी जूलिया ओक्कीनी यांचे संबंध १९५४ मध्ये उघड झाले; वृत्तपत्रांनी तिला तिच्या कोटावरून ‘शुभ्र स्त्री’ असे नाव दिले. इटलीत व्यभिचार तेव्हा फौजदारी गुन्हा होता, ओक्कीनीला काही दिवस तुरुंगात काढावे लागले आणि १९५५ मध्ये दोघांनाही स्थगित शिक्षा झाली. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ ने फक्त परपुरुषाला दोषी धरले होते, तर इटालियन कायद्याचा रोख प्रामुख्याने विवाहित स्त्रीवर होता. तेथील तरतूद १९६० च्या दशकाअखेरीस आणि भारतातील २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरली. ज्या प्रेक्षकांनी कोप्पीला आधुनिक इटलीचे प्रतीक मानले होते त्यांतील अनेकांना ही आधुनिकता पेलली नाही, आणि रस्त्याच्या कडेने शिव्याही ऐकू येऊ लागल्या.

खेळाचे अर्थकारणही बदलत होते. इटालियन माणूस सायकल सोडून व्हेस्पा स्कूटरवर बसू लागला होता, तीच व्हेस्पा जी पुढे बजाज कंपनीने परवान्याने पुण्यात बनवली. सायकल कंपन्यांचा खप घटला आणि १९५४ मध्ये फिओरेंझो मान्यी याने निव्हिया या क्रीम बनवणाऱ्या कंपनीचे नाव आपल्या संघाच्या जर्सीवर आणले. कोप्पी १९५४ ची लोम्बार्दी शर्यत जिंकल्यानंतर हळूहळू मागे पडत गेला, तरी शर्यती खेळत राहिला. १९६० च्या हंगामासाठी तो सान पेल्लेग्रिनो या संघात दाखल झाला होता आणि त्या संघाचा व्यवस्थापक होता जिनो बार्ताली.

तो हंगाम आलाच नाही. डिसेंबर १९५९ मध्ये कोप्पी, राफाएल जेमिनियानी, आंकेतील आणि आणखी काही सायकलपटू पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, या देशात प्रदर्शनी शर्यत आणि शिकारीसाठी गेले होते. परतल्यावर कोप्पी आणि जेमिनियानी दोघेही तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिनियानीचे रक्त तपासून फाल्सिपेरम जातीचा हिवताप असल्याचे निदान झाले, क्विनाइन देण्यात आले आणि तो वाचला. तेथून इटलीत निरोपही गेला, पण तोर्तोना येथील डॉक्टर वेगळ्याच आजाराचा उपचार करत राहिले आणि २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, कोप्पीचे निधन झाले. उत्तर इटलीत युद्धोत्तर डीडीटी मोहिमेनंतर हिवताप जवळजवळ दिसेनासा झाला होता, त्यामुळे तो डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आला नसावा; खाडीकाठच्या ठाणे-कळव्यात त्याच वर्षी थंडी वाजून ताप आलेल्या माणसाचे रक्त आधी हिवतापासाठी तपासले गेले असते.

१९६५ पासून जिरोच्या मार्गावरील त्या वर्षीच्या सर्वांत उंच खिंडीला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचा माथा, असे नाव देतात आणि तेथे प्रथम पोहोचणाऱ्याला घाटांच्या पारितोषिकाचे जादा गुण मिळतात. स्तेल्व्हिओ मार्गात असला की तो मान स्तेल्व्हिओकडे जातो. एकाच वर्षी जिरो आणि तूर जिंकण्याची कोप्पीची करामत आंकेतीलने १९६४ मध्ये साधली आणि त्यानंतर एडी मर्क्स, बेर्नार इनो, स्टीव्हन रोश, मिगेल इंदुराइन, मार्को पांतानी आणि २०२४ मध्ये तादेय पोगाचार यांनी. या सर्वांच्या संघांत कार्रेआ आणि मिलानो यांची जागा सांभाळणारे सायकलपटू होते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे विजेत्यांच्या यादीत शोधून सापडत नाहीत.